डिकीतला टर्बो

ताम्हिणी घाटात कोकणाकडून वर येताना, चढ संपायच्या जरा आधी एक अवघड वळण आहे. तिथं मी उतरायचे. कुणी सांगायची गरज नसायची. नवरा गाडी कडेला घ्यायचा, हँडब्रेक ओढायचा. मी पर्स उचलायचे, चपला नीट घालायचे आणि दार लावून घ्यायचे. मग तो एकटा गाडी घेऊन वर जायचा आणि मी मागून चालत. वर पोचले की टपरीपाशी दोन चहा सांगून तो उभा असायचा. "आज लवकर आलीस," म्हणायचा, जणू मी दुसऱ्या गाडीने आले होते.

गाडी छोटी, पांढरी आणि आमच्या लग्नाहून बरीच जुनी. नवरा लातूरकडचा. त्याच्या गावाकडे चढ म्हणजे ओढ्यावरचा पूल. मी घाटाखालची, माणगाव तालुक्यातली. दोघंही आयटीत, आणि राहायला पुण्याजवळ माणमध्ये, एका शेतकऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर. आई खाली गावी एकटी, म्हणून एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी आम्ही तिच्याकडे जायचो आणि रविवारी परत वर यायचो. अशा अगदी पहिल्याच रविवारी नवऱ्याने ते वळण सेकंड गिअरमध्ये घेतलं. फर्स्ट टाकणं म्हणजे त्याला हार मानल्यासारखं वाटतं. गाडी खोकली, थरथरली आणि वळणाच्या ऐन मध्यावर बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. "तू उतर जरा, वजन कमी होईल," तो म्हणाला. मी उतरले, त्याने फर्स्ट टाकला आणि गाडी गेली. पुढच्या वेळी त्याने वळणाच्या आधीच गाडी थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. आपल्याकडे पद्धत पडायला एकदाच घडावं लागतं.

दोन वर्षं मी ते वळण चाललेय. दरीच्या बाजूचा कठडा कधीतरी पडला होता तो पडलेलाच होता, म्हणून मी डोंगराच्या कडेने चालायचे. पावसाळ्यात तिथं पुण्या-मुंबईची जत्रा असायची. गाडीच्या टपावर स्पीकर ठेवून माणसं नाचत असायची आणि मी त्यांच्यामधून पर्स घेऊन ऑफिसला निघाल्यासारखी जायचे. एकदा एका बाईने गाडी थांबवून विचारलं, "ताई, भांडण झालं का? पोलिसांना फोन करू?" मी म्हटलं, "नाही हो, आमची गाडी चढत नाही." ती म्हणाली, "मग मिस्टर कुठायत?" मी म्हटलं, "गाडीत." तिने काच वर केली.

मला राग यायचा का? यायचा. पण चहा गरम असायचा आणि नवरा माणूस वाईट नाही. राग टपरीपर्यंत टिकायचा नाही. अडचण झाली ती आईमुळे.

आईचे गुडघे गेले होते. गेल्या उन्हाळ्यात ती अंगणात पडली आणि शेजारी येईपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानंतर तिला वर आमच्याकडे कायमचं आणायचं ठरलं. मी तिच्यासाठी खिडकीजवळची खोली रिकामी केली, पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. आईही तयार झाली. फक्त यायचं कसं, हा प्रश्न राहिला. एसटीत तिला उलट्या होतात. भाड्याची गाडी करू म्हटलं तर नवरा दुखावला, "घरात गाडी असताना?" आणि गंमत म्हणजे आईही तेच म्हणाली. "जावयाची गाडी असताना मी भाड्याच्या गाडीतनं जाऊ? गावात काय सांगू?"

"मग आमच्या गाडीतनं चल."

"तुझ्या गाडीतनं नाय. तुझ्या गाडीतनं माणसं उतरवतात."

आमच्या आळीतल्या कुणीतरी मला घाटात चालताना बघितलं होतं. गावात ती बातमी माझ्या लग्नापेक्षा जास्त चालली.

"तुला नाही उतरवणार गं."

"उतरवलंत तर मी तिथंच बसून राहीन. चालायला गुडघे असते तर हितंच नसते का राह्यले?"

आई भाड्याच्या गाडीतून येणार नाही, आमच्या गाडीतून यायचं तर गाडी सगळ्यांना घेऊन चढली पाहिजे. मी नवऱ्याला तसं स्पष्ट सांगितलं. पाऊस लागला की अंगण निसरडं होईल, त्याआधी मला आई वर हवी.

कुठल्याही शहाण्या माणसाने गाडीचं इंजिन तपासून घेतलं असतं. मी तेच सुचवलं. नवरा म्हणाला, "इंजिन दुरुस्त केलं तरी ते तेच इंजिन राहणार." आणि तो फोन घेऊन बसला. आठवडाभर तो कुठल्यातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ बघत होता. तो माणूस गाडीखाली उताणा झोपून हसत काहीतरी दाखवायचा. शनिवारी सकाळी नवरा मला म्हणाला, "सापडलं. टर्बो. पण मागे."

टर्बो म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले. गाडीतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते आणि ती इंजिनात जास्तीची हवा कोंबते. हवा जास्त, जोर जास्त. हा टर्बो एरवी इंजिनाशेजारी असतो, पण आमच्या गाडीच्या बॉनेटखाली पाणी घालायची बाटलीही कशीबशी मावते. म्हणून तो मागे, सायलेन्सरच्या जागी, डिकीच्या पोटाखाली बसवायचा आणि तिथून गाडीखालून लांब पाइप काढून हवा पुढे आणायची. मी म्हटलं, "म्हणजे चूल स्वयंपाकघरात आणि फुंकणी गोठ्यात." नवरा म्हणाला, "तत्त्व तेच आहे." मी टोमणा मारला होता हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

हे बोलणं जिन्यात चाललं होतं, त्यामुळे ते घरमालक काकांनी ऐकलं. काकांची माणमधली जमीन आयटीच्या फेजमध्ये गेली. आता त्यांना खोल्यांचं भाडं येतं आणि दिवसभर वेळ असतो. घाटाच्या वाटेवरच्या माले गावात थोडी भातखाचरं त्यांनी अजून ठेवलीत, पण तेवढ्याने त्यांचं डोकं गुंतत नाही. कुणाच्याही घरात कसलाही निर्णय व्हायचा असला की ते खुर्ची घेऊन येतात. ते खुर्ची घेऊन आले.

"मागं वजन टाकणार म्हंता?" काका म्हणाले. "गाडी उलाळ हुईल की."

उलाळ म्हणजे बैलगाडीत मागे जास्त भार झाला की पुढचा भाग उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून वर येतं आणि बैल नुसते पाय मारत राहतात. नवऱ्याने हे गंभीरपणे ऐकलं. आमच्या गाडीची पुढचीच चाकं ओढतात, त्यामुळे मुद्दा अगदीच वेडा नव्हता. पण तो मुद्दा तिथंच थांबला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

रविवारी आम्ही तिघं भरे गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री आठवडाभर पिरंगुटकडच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करतो आणि रविवारी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांवर स्वतःची हौस भागवतो. त्याच्याकडे एका भंगारात गेलेल्या डिझेल जीपचा टर्बो होता. गोगलगायीच्या शंखासारखा दिसणारा, गंजलेला, चांगलाच जड. त्याने तो दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणला, जणू बाळ दाखवतोय.

"हा बसेल का आमच्या गाडीला?" मी विचारलं.

"बसवला की बसतुया, ताई."

"आणि घाट चढेल?"

"चडंल की. फकस्त लगीच न्हाई. पाइप लांब हाय ना. तुमी पाय दाबला की हवा मागनं निघणार, पुढं येणार, मग जोर लागणार. जरा दम खावा लागल."

"म्हणजे वळणावर पाय दाबला तर?"

मिस्त्रीने डोळे मिटून हिशेब केला. "वळान सरल्यावर जोर ईल. पर ईल नक्की."

मी नवऱ्याकडे बघितलं. वळण संपल्यावर येणारा जोर आम्हाला कशासाठी हवा होता, हे त्याने मिस्त्रीला विचारावं अशी माझी अपेक्षा होती. तो टर्बोवरून बोट फिरवत होता. मग बोलणं तेलावर आलं. टर्बोला तेल लागतं, मागून ते आपोआप परत पुढे येत नाही, म्हणून वेगळा पंप. मग पाण्यावर आलं. मुळशीच्या पावसात रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि हा तापलेला लोखंडाचा गोळा खाली लोंबणार, तडकला तर? म्हणून त्याला पत्र्याची ढाल. प्रत्येक अडचणीवर मिस्त्री एक वस्तू काढून ठेवायचा. तासाभरात शेडमध्ये पाइप, पंप, ढाल, पट्ट्या आणि नळ्यांचा ढीग झाला आणि उत्साहाच्या भरात मिस्त्रीने डिकीच्या तळाला पाइपासाठी एक मोठं भोकही पाडलं.

भोक पडल्यावर काकांनी हात वर केला.

"थांबा. घ्यायच्या आदी जुपून बगायला नगं?"

काकांनी आयुष्यात बरेच बैल घेतलेत. बैल घेताना दात बघतात, शेपूट बघतात, पाठीवर थाप मारून बघतात आणि मग जुंपून बघतात, हे सगळं त्यांनी सांगितलं. गोऱ्ह्याला पहिल्यांदा थेट गाडीला जुंपत नाहीत. आधी एक ओंडका ओढायला लावतात, म्हणजे अंगाला भाराची सवय होते. "ह्या गाडीनं आजवर मागं कायबी न्हाई वाह्यलं," काका म्हणाले. "एकदम टर्बो घातला तर बिथरंल. आदी त्येचं नुसतं वजन दिऊन बगा. म्हैनाभर. झेपलं तर टर्बो घाला."

मी म्हटलं, "काका, टर्बो जोर देणार म्हणून घालायचा ना? नुसतं वजन घालून गाडी अजूनच चढणार नाही."

काका माझ्याकडे मायेने बघत म्हणाले, "म्हनूनच बगायचं."

मला वाटलं, आता तरी नवरा हसेल. तो इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "एक वेळी एकच गोष्ट बदलायची. टेस्टिंगचा नियमच आहे." मिस्त्रीही मान डोलवत म्हणाला, "लोड टेस." तीन शिकलेली-अनुभवी माणसं एका सुरात बोलायला लागली की बाईने गप्प बसावं, असा माझ्यावर संस्कार नाही, पण त्या दिवशी मी तो ढीग गाडीत चढवायला हात लावला.

सगळा ढीग माणला आला. काकांच्या पडवीत पोती मोजायचा काटा आढ्याला टांगलेला आहे. त्याला टर्बो टांगला, मग पाइप, मग पंप, ढाल, पट्ट्या. टर्बो स्वतःभोवती गरगर फिरत होता आणि काका त्याला बैलासारखं हाताने थांबवत होते, "होऽ, होऽ." सगळं मिळून साधारण अर्धं पोतं भरलं. आता तेवढ्या वजनाचं काय ठेवायचं? दगड ठेवला तर आपटेल, वाळू सांडेल. काकांनी तोडगा काढला. माल्याच्या खाचरांसाठी त्यांनी इंद्रायणी भाताचं बियाणं बाजूला ठेवलं होतं. ते आषाढाच्या आधी तिकडं न्यायचंच होतं. तेच आत्ता डिकीत ठेवायचं. काट्याला अर्धं पोतं बी-भात लागलं, दोन मुठी जास्त झालं तर नवऱ्याने त्या काढून घेतल्या.

अशा रीतीने आमच्या गाडीला टर्बोचं वजन मिळालं. टर्बो पडवीत राहिला.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात मूर्ख महिना होता. पोत्याला सगळे टर्बोच म्हणायला लागले. "टर्बो नीट ठेवलाय ना?" "टर्बो सरकलाय बघ एका बाजूला." नवरा रोज गाडीच्या वागणुकीवर बोलायचा आणि काका खुर्चीतून ऐकायचे. माझी प्रगती अशी झाली की आधी मी एका वळणावर उतरत होते, आता दोन वळणांवर उतरायला लागले. पहिल्यांदा खालच्या वळणावर गाडी थांबली तेव्हा मला कळेचना. नवरा म्हणाला, "टर्बोमुळे आता इथूनच लोड येतोय."

"मग पोतं काढ आणि मला बसू दे."

"पोतं काढलं तर टेस्ट चुकेल."

"पोतं खाली ठेव. मी ते घेऊन चालते."

"तसं नाही करता येत गं," तो म्हणाला, आणि त्याने खरोखर विचार केल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या दिवशी वर पोचेपर्यंत माझा राग टिकला. चहा मी घेतला नाही. मागून चालताना मला एक गोष्ट मात्र नेहमी दिसायची आणि मी ती त्याला कितीदा सांगितली होती. मी नसताना, थांबलेल्या जागेवरून तो फर्स्टमध्ये सुटतो आणि गाडी कुरकुर न करता जाते. मी बसले असताना तो वळणात सेकंड ठेवून शिरतो, मध्यात घाबरून फर्स्ट शोधतो आणि गाडी बसते. मी म्हणायचे, "वळणाच्या आधीच फर्स्ट टाक, मला बसवून." तो म्हणायचा, "मागून चालत सांगणं सोपं असतं." नाचता येईना अंगण वाकडं. आणि आमचं अंगण तर खरोखरच वाकडं होतं, त्यामुळे त्याला कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. आई फोनवर म्हणायची, "घाई नाय. तुमची गाडी तयार झाली की सांगा." तिच्या आवाजात टोमणा नव्हता आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. रोज सकाळी ती त्या निसरड्या अंगणातून विहिरीपर्यंत जाते हे मला माहीत होतं. खिडकीजवळच्या खोलीत पलंगावर चादर घातलेली होती. मी ती दर रविवारी बदलायचे.

एके दिवशी ऑफिसमधून परतताना माझ्या गाडीतून उतरता उतरता सहकारीण म्हणाली, "तुझ्या गाडीत काहीतरी कुजलंय." कुजलं नव्हतं. मिस्त्रीने पाडलेल्या भोकातून चाकांनी उडवलेलं पाणी डिकीत येत होतं आणि दिवसभर गाडी उन्हापावसात बंद. मी घरी येऊन डिकी उघडली. पोत्याच्या विणीतून जागोजागी पांढरे मोड बाहेर आले होते. टर्बो उगवला होता.

काका धावत आले. त्यांनी कपाळावर हात मारला, मग पोत्याचं तोंड सोडून मूठभर भात हातात घेतलं आणि बराच वेळ उलटसुलट करून बघितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"लई येकसारकं मोड आल्यात," ते म्हणाले. "घरातबी आसं येत न्हाईत."

"आता काय करायचं?"

"करायचं काय? मोड आलेलं बी थांबतंय व्हय? उद्याच्या उद्या माल्याला चिखलावर फेकाय पायजे. उशीर केला तर आख्खं पोतं वाया." मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "पर त्याआदी काट्याला लावा. टेश्ट हाय ना."

ओलं पोतं काट्याला लागलं. ते चांगलंच जड झालं होतं. नवऱ्याने मिस्त्रीला फोन करून आकडा सांगितला. पलीकडून आवाज आला, "म्हंजी सायेब, दीड टर्बोची टेस झाली समजा."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. काका पुढे, मी मागे आणि डिकीत दीड टर्बो, असे आम्ही माल्याला गेलो. काकांनी खाचरात चिखल करून ठेवायला सांगितलं होतं. त्यांनी धोतर खोचलं, पाटीत ते मोड घेतले आणि चिखलावर फेकत चालले. नवऱ्यानेही पँट वर केली. मी बांधावर उभी राहून बघत होते. महिनाभर ज्याच्यासाठी मी दोन वळणं चालले ते सगळं काही वेळात चिखलात गेलं. मला हसू आलं. नवऱ्याला आलं नाही. "टेस्ट अर्धवट राहिली," तो म्हणाला.

काका माल्यातच थांबले. मी नवऱ्याला म्हटलं, "डिकी रिकामी आहे. आता तुझं टर्बो-बिर्बो काही नाही. आज जाऊ आणि उद्या आईला घेऊनच येऊ." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने गाडी सरळ घाटाकडे काढली.

रात्री आम्ही तिच्याकडेच राहिलो आणि आई रात्रभर बांधाबांध करत होती. सकाळी दारात तिचं सामान मांडलेलं होतं. एक ट्रंक, तांदळाचे पापड, कोकमांची बरणी, नारळ आणि पाटा-वरवंटा.

"आई, आमच्याकडे मिक्सर आहे," मी म्हटलं.

"मिक्सरमधलं वाटण मी नाय खात."

पाटा काळ्या दगडाचा, तिच्या लग्नातला. नवऱ्याने तो दोन्ही हातांनी उचलून डिकीत ठेवला तेव्हा गाडी खाली बसलेली मला दिसली. त्यालाही दिसली. आई शेजारी उभी होती, म्हणून त्याने नुसती डिकी लावली. नंतर माणला आल्यावर काकांनी तो पाटा काट्याला टांगला आणि तो एकटा टर्बोच्या सगळ्या ढिगाहून जास्त भरला. त्यावर तिघांनी पुन्हा खुर्च्या टाकून चर्चा केली, गाडी कशी चढली याची प्रत्येकाची वेगळी उपपत्ती आहे आणि टर्बो हल्ली पडवीच्या दाराला टेकू म्हणून असतो. पण ते नंतरचं.

घाट सुरू झाला तशी आई सरळ बसली. मागच्या सीटवर मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी पुढची सीट धरलेली. खालचं वळण गाडीने कसंबसं काढलं. मग वरचं वळण आलं. नवऱ्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मी पर्स उचलली, चपला घातल्या, उतरले आणि दार लावलं. दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय केलं.

आई काचेतून सरळ समोर बघत होती. "मी नाय उतरणार," ती म्हणाली.

"नाही हो आई, तुम्ही कशाला," नवरा घाईने म्हणाला. मग तो पुटपुटायला लागला. आई, ट्रंक, पाटा, तो. त्याची बोटं स्टिअरिंगवर बेरीज करत होती. पाटा काढून रस्त्यावर ठेवायची सोय नव्हती, सासूला उतरवायची तर नव्हतीच. बेरीज संपली. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो स्वतः खाली उतरला.

आता मी बाहेर, तो बाहेर आणि घाटातल्या कडेला लावलेल्या गाडीत एकटी आई. आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. मागून एक जीप आली, हॉर्न वाजवून गेली.

"चालवणार कोण?" आईने विचारलं.

गाडी मला येते. लायसन आहे. माणमध्ये, बाजाराला, ऑफिसला मी चालवते. घाटात मात्र नवऱ्याने कधी दिली नव्हती, कारण त्याच्या मते मला या गाडीचा स्वभाव माहीत नव्हता. मी फेरी घालून त्याच्या बाजूला आले. तो बाजूला झाला.

मी बसले, सीट पुढे ओढली, आरसा माझ्या उंचीला लावला. त्या वळणाचा प्रत्येक खड्डा मला पायांनी माहीत होता. रस्ता कुठं कलतो, गाड्या कुठं मार खातात, हे मी दोन वर्षं मागून बघितलं होतं. फर्स्ट टाकला, हँडब्रेक सोडला आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय तसाच दाबून ठेवला. गाडी ओरडत निघाली. वळणात शिरली, मध्यावर आली, तिथं दर वेळी ती दम टाकते. मी काही बदललं नाही. ती तशीच ओरडत वळणातून बाहेर आली.

"थांबू नको," आई मागून म्हणाली.

मी थांबले नाही. टपरी गेली, चहावाल्याने हात वर केला तोही मागे गेला. सपाटी लागल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागले. हसता हसता रडू आलं. आईने मागून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. "काय गं," ती म्हणाली, "आता मी आले की नाय वर?"

आरशात मागचा रस्ता दिसत होता. पावसाची भुरभुर होती. बऱ्याच वेळाने नवरा दिसला. शर्ट अंगाला चिकटलेला, चष्मा हातात, डोंगराच्या कडेने, अगदी दगडाला घासून चालत येत होता. जवळ आल्यावर तो माझ्या खिडकीपाशी आला, मग पलीकडे गेला.

"बसा बापू," आई जावयाला म्हणाली. "पुढं बसा."

तो माझ्या जागेवर बसला. मला वाटलं, आता गिअर विचारेल, पाटा विचारेल. त्याने चष्मा पुसला आणि घातला.

"तिथं कठडा नाहीये गं," तो म्हणाला.

"नाही."

"ट्रक अगदी अंगाजवळून जातात."

"हो."

"कधीपासून नाहीये कठडा?"

"मी चालायला लागले तेव्हापासून तरी नाही."

त्याने हात पुढे करून गिअरवरच्या माझ्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मी फर्स्ट टाकला आणि आम्ही घरी निघालो.